वाडी पडते तेव्हा मनाचे काय होते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पंचनामे झाले, झाडे मोजली गेली. वाडीवाल्याच्या मनाला काय झाले, हे मात्र पंचनाम्यात येत नाही. पर्यावरणीय मानसशास्त्र त्याचाच अभ्यास करते.

या विषयाचा पहिला पीएच.डी. अभ्यासक्रम न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत १९६८ मध्ये सुरू झाला. जागेशी जडणारे नाते हा त्यातला मध्यवर्ती प्रश्न. अभ्यासक त्यात दोन धागे वेगळे करतात: त्या जागेवर चालणारा चरितार्थ आणि त्या जागेने दिलेली ओळख. दिवेआगरच्या वाडीत हे दोन्ही एकत्र गुंफलेले असतात. घर वाडीतच असते. सुपारीचे उत्पन्न आणि आजोबांनी लावलेले माड एकाच कुंपणात. पडलेल्या पोफळीच्या जागी नवे रोप लावले, तरी पीक धरायला काही वर्षे जातात. तोवर अंगणातली सावलीही नसते.

गाव न सोडताही गाव हरवल्याचे दुःख होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी परिसर पालटला, तेव्हा तिथल्या रहिवाशांमध्ये अभ्यासक ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी हे दुःख नोंदवले आणि त्याला ‘सोलास्टाल्जिया’ म्हटले.

दिवेआगरमध्ये असे संशोधन करायचे तर प्रश्नावली पुरणार नाही. वाडीवाल्यासोबत वाडीत फिरत, त्याच्या बोलीत मुलाखती घ्याव्या लागतील. पुन्हा लागवड करणारे आणि पर्यटनाकडे वळलेले यांची तुलना करावी लागेल. बायकांना आणि वाडीत मजुरीला येणाऱ्यांनाही विचारावे लागेल. सातबारा नावावर नसला, तरी जिव्हाळा असतोच. मोठी अडचण वेगळीच आहे. वादळापूर्वीचे मन कोणी मोजलेले नसेल, तर आज फक्त आठवणीवर विसंबावे लागते, आणि आठवण नुकसानीच्या रंगाने बदलते. म्हणून कमी झळ बसलेल्या गावांशी तुलना हवी, आणि त्याच कुटुंबांना काही वर्षे पुन्हा पुन्हा भेटायला हवे.

निसर्गनंतर वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. पुढचेही येईल. मानसशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी पीएच.डी.चा विषय शोधताना या किनाऱ्याकडे पाहावे, आणि पहिली नोंद पुढच्या वादळाआधीच घ्यावी.