अति नेमकं किती मिनिटांत?

प्रौढ माणूस दिवसाला २,००० कॅलरी खातो असं धरलं, तर वर्षाच्या ७ लाख ३० हजार होतात. किलोभर चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे वर्षभरात ज्याचं वजन एक किलोने वाढलं, त्याच्या शरीराचा हिशेब जेमतेम एक टक्क्याने चुकला. रोजची चूक काढली तर २१ कॅलरी, म्हणजे एक चमचा साखर. लग्नसराई, दिवाळीचा फराळ, उपासाच्या नावाखाली हाणलेली साबुदाण्याची खिचडी, तापातली पेज, सगळं जमेस धरून! आणि यातलं काहीही कुणी मोजून खाल्लेलं नाही. वजन किलोभर वाढलं म्हणून हळहळणाऱ्याला मला नेहमी विचारावंसं वाटतं, की बाबा रे, दहा किलो का नाही वाढलं?

वर्षाचा ताळेबंद इतका चोख ठेवणारा हा हिशेबनीस एका जेवणापुरता गल्ल्यावर बसवला, की मात्र गडबडतो. रिकामं जठर शंभरेक मिलिलिटरचं. जेवायला बसलो की ते सैल होतं आणि एक-दीड लिटर सहज सामावून घेतं. भिंती ताणल्याची खबर मज्जातंतूंतून वर जाते, आतड्यांतून संप्रेरकं सुटतात, आणि ‘आता पुरे’ हे मेंदूत नीट ठसायला १५ ते २० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ताटात किती पडेल, ते वाढप्याच्या हातात.

अमेरिकेत कोनी आयलंडला दर ४ जुलैला हॉट डॉग खाण्याची स्पर्धा भरते. २०२१ साली तिथे जोई चेस्टनटने १० मिनिटांत ७६ हॉट डॉग पावासकट खाल्ले. आठ सेकंदांना एक. ‘पुरे’ची खबर पोचायच्या आत स्पर्धा संपलेली असते, यातच निम्मं गुपित आहे. उरलेलं निम्मं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी एका व्यावसायिक खाणाऱ्याला आणि एका साध्या माणसाला क्ष-किरणांखाली बसवून हॉट डॉग खायला दिले. साधा माणूस सातावर थांबला. आणखी एक खाल्ला तर ओकेन, म्हणाला. दुसऱ्याने १० मिनिटांत ३६ संपवले आणि तरी पोट भरल्याची जाणीवच नव्हती. शेवटी डॉक्टरांनीच घाबरून थांबवलं. सरावाने त्याचं जठर नुसती ढिली पिशवी झालं होतं. त्यात ताणही नाही, खबरही नाही.

आपल्या जुन्या पंगतींना खादाडपणाचा ठपका लागला आहे. मला तो अर्धाच पटतो. वरणभात, मग मसालेभात, मग जिलबी, मध्ये कुणाचा तरी श्लोक, मग मठ्ठ्याची वाट पाहणं, यात वीस मिनिटं निघून जात, आणि वाग्भटाने पोटाचा जो चौथा हिस्सा मोकळा ठेवायला सांगितला आहे तो राखण्याची संधी निदान मिळत असे. नंतर यजमान आग्रहाला यायचे आणि तो हिस्साही भरायचा, ही गोष्ट वेगळी.

वेळेचा हा खेळ उसातही दिसतो. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात उपाशीपोटी मिळून ग्लुकोज असतं अवघं पाच ग्रॅम. तोच चमचा! रसवंतीतल्या पाव लिटरच्या ग्लासात साखर तीस ग्रॅमच्या वर असते, म्हणजे साऱ्या रक्तातल्या साखरेच्या निदान सहापट, आणि ती उन्हातून आलेला माणूस दोन मिनिटांत घशाखाली घालतो. तीच साखर दाताने ऊस सोलून खाल्ली तर अर्धा तास जातो आणि जबडा आधी दमतो.

आता पाणी. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातला द्रव भाग आहे तीन लिटर, तेव्हा तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. गाळलेल्यातलं १७८ लिटर परत घेतलं जातं. गरज पडली तर निरोगी मूत्रपिंडं दिवसभरात दहा-बारा लिटर पाणीही बाहेर टाकू शकतात. पण तासाला मात्र लिटरभराच्या आसपासच. त्याहून वेगाने पाणी आलं, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल हे ठीक. १२०च्या खाली मेंदूच्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि कवटीत फुगायला जागा नसते. जानेवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोला एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्याला व्हिडिओ गेमचं यंत्र देऊ केलं. तीनेक तासांत सहा-सात लिटर पाणी प्यायलेली एक तरुण आई त्याच दिवशी घरी मरण पावली. तेवढंच पाणी ती दिवसभरात प्यायली असती, तर फार तर हेलपाटे वाढले असते.

खरं तर पाण्याच्या बाबतीत शरीर जेवणापेक्षा हुशार आहे. पाणी रक्तात मिसळायची वाटही न पाहता, घशातून किती घोट गेले यावरून ते तहान भागवून टाकतं. पण एके काळी धावपटूंना सल्ला मिळत असे, तहान लागायच्या आधीच, सोसवेल तेवढं प्या. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी भरलं. तिघांचं तर १२० किंवा त्याखाली. ४२ किलोमीटर धावून कित्येकांचं वजन वाढलेलं होतं!

दारूपाशी वेगाची ही मर्यादा सर्वांत कडक. साठ मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे २० ग्रॅम, क्वार्टरमध्ये ६१. यकृत तासाला निकाली काढतं सात-आठ ग्रॅम. कमी प्यायलात तरी तेवढंच, तुडुंब प्यायलात तरी तेवढंच. रात्री साडेबाराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस पहाटे सहाला गाडी काढतो, तेव्हा त्यातले दहा-पंधरा ग्रॅम अजून अंगात असू शकतात, आणि कायद्याची हद्द आहे रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम. लिंबू, काळी कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ, यांतल्या कशानेही त्या सात-आठचे नऊ होत नाहीत.