देखाव्याची मागची बाजू

गणपती तोंडावर आले की कर्जत, खालापूर, खोपोलीच्या मंडपांत जागरणं सुरू होतात. दिवसा कारखान्यात वायरमन किंवा फिटर असलेला कार्यकर्ता रात्री देखावा उभा करायला बसतो. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर येते, कोणी जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय आणतो आणि पुठ्ठ्याचा मावळा तलवार उगारू लागतो.

वायपरचीच मोटर का? ती बारा व्होल्टवर चालते, म्हणून हाताळायला कमी धोक्याची. शिवाय तिच्या पोटात वर्म गिअर असतो. आतला भाग भरभर फिरला तरी बाहेरचा दांडा सावकाश फिरतो आणि जोर मात्र भरपूर लावतो. त्या दांड्यावर आखूड पट्टी घट्ट बसवायची, तिच्या टोकाला दुसरी लांब पट्टी सैल खिळवायची. गोल फिरणं मागेपुढे हलण्यात बदलतं. आखूड पट्टी थोडी वाढवली की मावळ्याचा हात आणखी वर जातो. हे गणित मुलं इथे पाना-पक्कड हातात घेऊन शिकतात.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. पुठ्ठा, बांबू आणि कापडाला पुन्हा मान मिळाला, हे चांगलंच झालं.

देखावे उभारण्याच्या कौशल्याचं मोठं रूप याच परिसरात आहे. चौक गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ चित्रपटासाठी तिथे महाल उभे राहिले. लालबागच्या राजाचा दरबारही देसाईंनी अनेक वर्षं सजवला. २०२३ मध्ये ते गेले.

असं कौशल्य लोकांसमोर उघडं करून दाखवण्याची रीतही आहे. अमेरिकेत सॅन मटेओ इथे २००६ मध्ये ‘मेकर फेअर’ ही जत्रा सुरू झाली. घरच्या घरी यंत्रमानव, वाद्यं, सायकली बनवणारे तिथे आपल्या वस्तू मांडतात. पद्धत अशी, की बनवणारा वस्तूशेजारी उभा राहतो आणि विचारेल त्याला ती उघडून समजावतो. मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या संकुलात भरणारा ‘मेकर मेळा’ त्याच वळणाचा. पुणे जिल्ह्यात पाबळला तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्येच विज्ञान आश्रम काढून खेड्यातल्या मुलांना हातांनी काम करत शिकवायला सुरुवात केली होती. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर वस्तू बनवून पाहायची प्रयोगशाळा आली.

आपल्या मंडपांत कल्पकता आहे, वर्गणी आहे, हौस तर अफाट आहे. पण देखाव्याची मागची बाजू पडद्याने झाकलेली असते. बघणारा हात जोडतो, फोटो काढतो, पुढे सरकतो. शिकण्याची मोठी संधी तिथेच वाया जाते.

देखाव्याचे विषयही लांब शोधायला नकोत. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी आहे. १९१५ मध्ये घाटावरचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागलेलं खोपोलीचं वीजघर आहे. छोटा पंप, पत्र्याचं पंख्यासारखं चाक, एक डायनॅमो आणि एलईडी दिवा एवढ्यावर ते वीजघर मंडपात खरोखर चालवून दाखवता येईल.

तेव्हा मंडळांना विनंती आहे: यंदा एक संध्याकाळ पडदा बाजूला करा. मुख्य वीज बंद ठेवून बारा व्होल्टची बाजू बॅटरीवर चालवा, ज्याने वायरिंग केलं त्याला पुढे उभं करा आणि शाळेतल्या मुलामुलींना प्रश्न विचारू द्या.