बट्ट्याचा हिशेब : २०१३ ते २०२४

पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत चालत असत, आणि अंकुशी देऊन चांदवडी घेताना सराफ जो बट्टा कापी, तो वाजवी आहे की नाही, हे जाणण्याचे सामान्य रयतेपाशी एकच साधन होते : शेजारच्या दुकानी जाऊन विचारणे. बिटकॉइनादी आभासी चलनांची रोकड करू पाहणाऱ्या आपल्या पिढीचा गेल्या दशकातील अनुभव पाहता, साधने पालटली तरी प्रश्न तोच राहिला, असे मला वाटते.

२४ डिसेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने जनतेस या चलनांविषयी सावध केले. मनाई मात्र केली नाही. मनाईसदृश फर्मान आले ते ६ एप्रिल २०१८ रोजी, आणि त्यान्वये बँकांनी तीन महिन्यांच्या आत या व्यवहारांतून अंग काढून घ्यावयाचे होते. आभासी चलनांच्या पेढ्यांचा (एक्स्चेंजांचा) रुपयांचा दरवाजा असा बंद होताच विक्रेता अनोळखी ग्राहकाशी थेट सौदा करू लागला. पेढी नाणे अमानत म्हणून अडकवून ठेवी, ग्राहक विक्रेत्याच्या खात्यात रक्कम भरी, आणि मग नाणे सुटे. पुढे अनेकांना कळून आले की, जो सर्वांहून चढा भाव देतो, त्याची रक्कम कदाचित एखाद्या फसवणुकीतील असते, आणि पोलिसांच्या पत्रावरून गोठते ते निरपराध विक्रेत्याचे खाते.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक प्रमाणबाह्य ठरवून रद्द केले, आणि बाजारास पुन्हा खोली येऊ लागली. तथापि १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसला, तोटा वळता करून घेण्याची सवलत नाकारली गेली, आणि १ जुलैपासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का उगमस्थानीच कापला जाऊ लागला. ही कपात अंतिम करात वळती होते हे खरे. परंतु तेच भांडवल सत्तर वेळा फिरविणाऱ्या व्यापाऱ्याची निम्म्याहून अधिक रक्कम त्यात अडकून पडते. असे व्यापारी बाजारातून निघून गेले म्हणजे खरेदीचा आणि विक्रीचा भाव एकमेकांपासून दूर जातात, आणि त्या अंतराचा भुर्दंड वर्षातून एकदाच विकणाऱ्या गृहस्थास बसतो.

जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या पेढीतून २३ कोटी डॉलरांहून अधिक मोलाची चलने चोरीस गेली, आणि पैसे काढण्याची सोय थांबली. फलकावर भाव झळकत होता. पदरात मात्र काही पडत नव्हते.

या साऱ्या कालखंडाचा माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो : ज्या ज्या वेळी विक्रेत्यापुढील दारे कमी झाली, त्या त्या वेळी बट्टा वाढला, आणि तो दलालीच्या आकड्यात न दिसता भावातच लपला. म्हणून विकणाऱ्याने जागतिक भावास डॉलरच्या दराने गुणावे, त्यातून दलाली, तीवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि उगमकपात वजा करावी, आणि येणारी रक्कम दोन पेढ्यांत ताडून पाहावी. सरकारनेही प्रत्येक पेढीस सौद्यापूर्वीच हातात पडणारी निव्वळ रक्कम आणि कापलेला बट्टा स्वच्छ अक्षरांत दाखविण्याची सक्ती करावी. म्हणजे शेजारच्या दुकानी विचारण्याचा रयतेचा जुना हक्क तिला पुन्हा मिळेल.