बर्फकोठार : उष्णता अडवणारी इमारत

‘दारातून थंडी आत येते’, ‘अंगात थंडी भरली’ असे आपण सहज म्हणतो. व्यवहारभाषेत थंडी ही ये-जा करणारी वस्तू ठरते. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ये-जा करते ती उष्णता. शीतयंत्रे येण्यापूर्वीच्या बर्फकोठाराची रचना या भेदावरच उभी होती.

महाराष्ट्रात आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि पाहता पाहता विरतो. तरीही एकोणिसाव्या शतकात मुंबईत अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ विकला जाई. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे बर्फकोठारे उभी राहिली. मुंबईचे कोठार १८४३ च्या सुमारास सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी बांधले गेले.

बर्फ टिकत असे तो तीन कारणांनी. पहिले, बर्फ वितळण्यास पुष्कळ उष्णता लागते. शून्य अंशाचा १ किलो बर्फ केवळ वितळवणाऱ्या उष्णतेत तेवढेच पाणी शून्यापासून सुमारे ८० अंशांपर्यंत तापेल. दुसरे, बर्फाच्या चौकोनी लाद्या एकमेकींना भिडवून रचल्या की उघडा पृष्ठभाग घटतो. १ मीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर असतो. त्याचेच १० सेंटिमीटरचे तुकडे केले, तर तो ६० चौरस मीटर होतो. तिसरे, जाड भिंती व लाकडाचा भुसा उष्णतेची वाट अडवतात. भुशात कोंडलेली हवा उष्णतेची मंद वाहक असते. तो ओला झाला की हा गुण उणावतो. म्हणून वितळलेले पाणी बाहेर काढून देणे आवश्यक असे.

नाशिक जिल्ह्यातील कांदाचाळ याच्या नेमकी उलट आहे. कांद्याला खेळती हवा हवी, म्हणून तिच्या भिंतींना फटी ठेवतात. साठवणीची इमारत मालाच्या शत्रूवरून ठरते, हे दोन्हींतून स्पष्ट होते.

कोठार थंडी निर्माण करत नव्हते. ते केवळ उष्णतेला विलंब लावत होते. शास्त्रीय लेखन करताना रूढ शब्दप्रयोग असे तपासून घ्यावेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘स्वेटर ऊब देतो’ हे विधान वरील विवेचनाच्या आधारे तपासा.