पोटाचे जुने दुखणे आणि ॲलर्जीची गोळी

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत पावसाळा आणि पोटाचे विकार यांचे नाते जुने आहे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा या नद्यांना पूर येतो, भामरागडसारख्या भागाचा संपर्क तुटतो, विहिरींचे पाणी गढूळ होते आणि अतिसार व हगवणीचे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रांत येऊ लागतात. बहुतेक रुग्ण आठ-पंधरा दिवसांत बरे होतात. काहींचे पोट मात्र साथ ओसरून महिने लोटले तरी पूर्ववत होत नाही. जेवण होताच कळ येते, वारंवार शौचास जावे लागते, पोट फुगते. अशा जुन्या दुखण्यावर ॲलर्जीच्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो काय, याविषयी गेल्या काही वर्षांत परदेशांत महत्त्वाचे संशोधन झाले आहे. त्यातून काय सिद्ध झाले, काय झाले नाही, आणि अशी गोळी वर्षानुवर्षे घेण्यात कोणते धोके संभवतात, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

विकाराचे स्वरूप

वैद्यकशास्त्रात या विकारास ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ किंवा संक्षेपाने ‘आय.बी.एस.’ म्हणतात. यात आतड्यास जखम किंवा गाठ आढळत नाही. आतडे अतिसंवेदनशील झालेले असते. किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेले आणि गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एकदा तरी होणारे पोटदुखणे, त्याचा शौचाशी असलेला संबंध, आणि शौचाच्या वेळा किंवा स्वरूप यांत झालेला बदल, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. आतड्याचा तीव्र संसर्ग होऊन गेलेल्या दर दहा व्यक्तींपैकी साधारणतः एकीस हा विकार पुढे जडतो. दूषित पाण्याचा प्रश्न केवळ साथीपुरता मर्यादित नसतो, तो असा.

हिस्टॅमिनचा संबंध

आतड्याच्या अस्तरात ‘मास्ट’ नावाच्या संरक्षक पेशी असतात. शत्रूची चाहूल लागताच त्या हिस्टॅमिन हे द्रव्य बाहेर टाकतात. अंगावर पित्त उठणे, नाक गळणे, खाज सुटणे हे सारे याच द्रव्याचे परिणाम होत. इंग्लंडमधील हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० च्या सुमारास हिस्टॅमिनच्या कार्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यास अटकाव करणारे पहिले औषध पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे यांच्या प्रयोगांतून १९३७ साली पुढे आले. बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले की, आय.बी.एस.च्या रुग्णांच्या आतड्यात मज्जातंतूंच्या निकट असलेल्या मास्ट पेशी आणि पोटदुखीची तीव्रता यांचा संबंध असतो. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली यापुढचा दुवा उलगडला. उंदरांना आतड्याचा संसर्ग झालेला असतानाच जे अन्न देण्यात आले, त्या अन्नालाही आतडे शत्रू समजू लागले. संसर्ग गेल्यावरही तेच अन्न मिळताच मास्ट पेशी हिस्टॅमिन सोडीत आणि मज्जातंतू वेदनेचा इशारा देत. ही प्रतिक्रिया आतड्यापुरतीच राहते; सर्व शरीरभर ॲलर्जी उठत नाही. साथ संपल्यावरही जेवणानंतर कळ का येते, याचे एक समर्पक स्पष्टीकरण त्यातून मिळते.

गुण किती येतो?

बेल्जियम व नेदरलँड्समधील संशोधकांनी एबास्टिन या फारशी गुंगी न आणणाऱ्या औषधाची २०२ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. बद्धकोष्ठता हे प्रमुख लक्षण असलेले रुग्ण या चाचणीत घेतलेले नव्हते. एकूण त्रास व पोटदुखी या दोन्हींत ठरावीक प्रमाणात आराम पडलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत शेकडा १२, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत शेकडा ४ होते. म्हणजे शंभर रुग्णांमागे सुमारे आठ जणांस औषधामुळे हा दुहेरी लाभ झाला. हा लाभ खरा असला तरी माफक आहे. शिवाय चाचणी बारा आठवड्यांची होती. तिच्या आधारे वर्षानुवर्षे गोळी घेण्याचे समर्थन करता येत नाही. योग्य निदानानंतर, निवडक रुग्णांत, डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी करून पाहण्याचा हा उपाय आहे. गुण न आल्यास तो बंद करावयाचा असतो.

निदान आधी, गोळी नंतर

दुर्गम गावातील मजुरास तालुक्याच्या ठिकाणी तपासणीस जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे होय. त्यापेक्षा दुकानातून गोळ्यांची पट्टी घेणे सोपे वाटते, हे स्वाभाविक आहे. परंतु पोटदुखी व अतिसार यांमागे या भागात अन्य कारणे असण्याचा संभव मोठा आहे. जंत, अमिबा व जिआर्डिया यांचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग, प्रौढांना दूध न पचणे ही त्यांपैकी काही कारणे होत. या दोन्ही जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारातही पोटात तीव्र वेदना होतात. यांपैकी एकही विकार ॲलर्जीच्या गोळीने बरा होत नाही. तात्पुरते बरे वाटून मोलाचा वेळ मात्र वाया जातो.

शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे, ताप येणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठविणारी वेदना किंवा अतिसार, पोटात गाठ लागणे, आणि पन्नाशीच्या आसपास त्रास प्रथमच सुरू होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास विनाविलंब ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.

दीर्घकाळ सेवनाचे धोके

क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन यांसारख्या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत. पण त्या गुंगी आणतात आणि प्रतिसादाचा वेग मंदावतात. दुचाकी चालविणाऱ्यास किंवा विहिरीवर व यंत्रावर काम करणाऱ्यास ते धोक्याचे आहे. मोहफुले वेचण्याच्या व तेंदूपाने तोडण्याच्या हंगामात लोक पहाटेच जंगलात शिरतात. वाघाचा वावर असलेल्या त्या रानात सावध डोळे व कान हेच त्यांचे पहिले संरक्षण असते. दारूबरोबर ही गुंगी अधिकच वाढते. या जुन्या औषधांमुळे तोंडास कोरड पडते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत अपाय होतो आणि वृद्धांत संभ्रम निर्माण होतो.

नव्या गोळ्यांची गुंगी कमी असते, तरी त्या सर्वस्वी निर्धोक नाहीत. एबास्टिन हे औषध एरिथ्रोमायसिन किंवा केटोकोनॅझोल यांच्यासोबत घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होण्याचा संभव असतो. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन या गोळ्या अनेक महिने रोज घेऊन एकाएकी थांबविल्यास क्वचित तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला आहे. गरोदर व स्तनदा मातांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना या गोळ्या घेऊ नयेत. आपल्याकडेही १९४५ च्या औषध नियमावलीतील ‘जी’ अनुसूचीत क्लोरफेनिरामिनसारख्या अनेक हिस्टॅमिनविरोधी औषधांचा समावेश असून, वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते.

गावाने काय करावे?

या दुखण्याचा सर्वांत स्वस्त व निश्चित प्रतिबंध ग्रामपंचायतीच्या हाती आहे. तो म्हणजे पाण्याचे शुद्धीकरण. पावसाळ्यापूर्वी ब्लीचिंग पावडरचा पुरेसा साठा करावा, जलसुरक्षकाकडून नियमित शुद्धीकरण व ओ.टी. चाचणी करवून घ्यावी, आणि नळाच्या शेवटच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन राहील याची खात्री करावी. पुराने वेढल्या जाणाऱ्या पाड्यांवर मेडिक्लोर व क्षारसंजीवनीची पाकिटे आधीच पोहोचवावीत.

शिक्षकांनी १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या जंतनाशक दिनांना एकही मूल गोळीपासून वंचित राहू देऊ नये. वारंवार पोट दुखते म्हणून गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यास ‘शाळा चुकवितो’ असे न म्हणता आरोग्य पथकास दाखवावे, त्याची सिकलसेल तपासणी झाली आहे काय ते पाहावे. अधिकाऱ्यांनी व सदस्यांनी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि ‘ई-संजीवनी’ या दूरध्वनिचित्र सल्ला सेवेची माहिती ग्रामसभेत द्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी पुन्हा पुन्हा खेपा घालण्याचे कष्ट त्यामुळे कमी होऊ शकतात.

ज्यांना डॉक्टरांनी अशी गोळी दिली आहे, त्यांनी ती कोणत्या विकारासाठी, किती दिवस घ्यावयाची आणि पुन्हा केव्हा दाखवावयाचे, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. आशा कार्यकर्तीने गृहभेटीच्या वेळी ती चिठ्ठी पाहावी, आणि मुदत संपूनही गोळी चालू असल्यास रुग्णास पुन्हा आरोग्य केंद्रात आणावे.