‘साहेब’ : एका शब्दाचा प्रवास

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लक्षावधी उपासकांच्या ओठी एकच नाव असते : बाबासाहेब. या नावाचा उत्तरार्ध अरबी आहे आणि अरबीत त्याचा मूळ अर्थ अधिकारी असा नाही. ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही, म्हणून तिचा येथे विचार करू.

‘साहिब’ हे रूप ‘सोबत असणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून सिद्ध झाले आहे. साहिब म्हणजे सोबती. पैगंबर महंमदांचा सहवास लाभलेल्या अनुयायांना ‘सहाबा’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. कुराणाच्या ५३व्या अध्यायातील दुसऱ्या आयतीत तर खुद्द पैगंबरांचा उल्लेख ‘तुमचा साहिब’ असा आहे.

मग सोबत्याचा धनी कसा झाला? अरबीतच दुसऱ्या नामाशी जोडला असता हा शब्द ‘ती वस्तू बाळगणारा’ असा अर्थ देतो. घराचा साहिब म्हणजे घरधनी. फारसीत हा अर्थ बळावला आणि राजदरबारच्या फारसीतून तो मराठीत रुळला. तुर्कीतही ‘साहिप’ म्हणजे मालक. उलट स्वाहिलीतील ‘साहिबू’ आणि मलय भाषेतील ‘सहाबत’ या शब्दांचा अर्थ आजही मित्र असाच आहे.

आपल्याकडे कबीरांनी परमेश्वराला साहेब म्हटले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. तेव्हा या घराला तो अर्थ परका नव्हता. पुढे इंग्रजी अमदानीत साहेब म्हणजे गोरा अंमलदार झाला, आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्याच्यापुढे कामगाराने अदबीने उभे राहायचे तो साहेब ठरला.

पालि वाङ्मयात सोबत आणि अधिकार यांचा विचार कसा आला आहे? महापरिनिब्बानसुत्तानुसार भगवंतांच्या हयातीत भिक्खू एकमेकांना ‘आवुसो’ म्हणत. आपल्या पश्चात कनिष्ठाने ज्येष्ठाला ‘भन्ते’ म्हणावे, असे भगवंतांनी सांगितले. म्हणजे आदराच्या संबोधनाला धम्मात स्थान आहे. परंतु संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्तात आनंद कल्याणमित्रता हे अर्धे ब्रह्मचर्य मानतो, तेव्हा भगवंत ते संपूर्ण ब्रह्मचर्य असल्याचे सांगतात आणि स्वतःला प्राणिमात्रांचा कल्याणमित्र म्हणवतात. शास्ता स्वतःकडे मित्राचे नाते घेतो, हे येथे विशेष होय.

शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा वापराने ठरतो. ‘बाबासाहेब’ म्हणणाऱ्या चाळकऱ्यांच्या मनात अरबी धातू नव्हता, आदर होता. तथापि ज्यांना आयुष्यभर दुसऱ्यांना साहेब म्हणावे लागले, त्यांनी परळच्या चाळीत आपल्यातच राहिलेल्या माणसाला तो शब्द आपण होऊन दिला आणि त्यामागे पित्याचा ‘बाबा’ जोडला. भयाने उच्चारला जाणारा शब्द असा जिव्हाळ्याचा झाला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे नेते, असा इशारा दिला होता. आमच्या मते त्या इशाऱ्याच्या प्रकाशात ‘साहेब’ या शब्दाचा जुना अर्थ आठवणे उपयुक्त ठरेल. धन्यापुढे मान तुकवली की पुरते. सोबत्याबरोबर मात्र चालावे लागते, त्याचे ग्रंथ वाचावे लागतात आणि त्याच्याशी विचारविनिमयही करावा लागतो.