खरा साक्षीदार, चुकलेली साक्ष

कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवू नये, डोळ्यांनी पाहिलेले मात्र खरे मानावे, हा त्यातला बोध. परंतु माणूस डोळ्यांनी पाहतो एका वेळी आणि जिभेने सांगतो दुसऱ्या वेळी. या दोहोंच्या मध्ये कधी चार दिवस जातात, कधी चार वर्षे. त्या काळात पाहिलेल्या गोष्टीचे मनात काय होते, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

साक्षीदार खोटे बोलू शकतो, हे कायद्याला पुरातन काळापासून ठाऊक आहे. त्यासाठी शपथ आहे, उलटतपासणी आहे, खोट्या साक्षीला शिक्षा आहे. ही सारी हत्यारे लबाडाला पकडण्यासाठी घडवलेली आहेत. पण जो साक्षीदार लबाड नाही, ज्याला लोभ नाही, वैर नाही आणि तरीही ज्याचे सांगणे वस्तुस्थितीशी जुळत नाही, त्याच्यापुढे ही हत्यारे बोथट होतात. शपथ त्याला अडवत नाही, कारण तो मनापासून शपथ घेतो. उलटतपासणीत तो डगमगत नाही, कारण लपवण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते.

अशा साक्षीदारांनी काय अनर्थ होतो, ते लंडनमधील एका जुन्या खटल्यावरून पाहू. त्या काळी तेथे एक ठक वावरत होता. तो स्वतःला उमराव म्हणवी, एकट्या स्त्रियांना घर सांभाळण्याची जागा देऊ करी, कपड्यांसाठी म्हणून चेक लिहून देई, आणि त्यांच्या अंगठ्या, घड्याळे घेऊन पसार होई. चेक अर्थातच कुचकामी निघे. 1895 सालच्या डिसेंबरात अशाच एका फसवल्या गेलेल्या स्त्रीने भर रस्त्यात एका गृहस्थाला हटकले आणि ‘ठक हाच’ असे सांगितले. तो गृहस्थ म्हणजे अ‍ॅडॉल्फ बेक, मूळचा नॉर्वेचा. पोलिसांनी इतर स्त्रियांना बोलावून ओळख परेड घेतली. त्या ओळीत पिकल्या केसांचा आणि मिशा राखलेला असा बेक जवळजवळ एकटाच होता. एकीमागून एक स्त्री त्याच्याकडे बोट दाखवत गेली. अशाच फसवणुकीसाठी 1877 साली जॉन स्मिथ नावाच्या माणसाला पकडणाऱ्या पोलिसानेही, हा तोच इसम, असे दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर सांगितले. 1877 साली आपण दक्षिण अमेरिकेत पेरू देशात होतो, हे सिद्ध करण्याची बेकची तयारी होती. पण तो विषय ज्यूरीपुढे येऊ दिला गेला नाही. 1896 साली ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

पुढे 1898 साली एक गोष्ट गृहखात्याच्या ध्यानात आली. स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. दोघे एक असणे शक्यच नव्हते. तरी तुरुंगातला त्याचा क्रमांक बदलण्यापलीकडे काही झाले नाही. 1901 साली बेक सुटला. 1904 साली तशाच आरोपाखाली त्याला पुन्हा पकडले. पुन्हा स्त्रियांनी त्याला ओळखले, आणि दुसऱ्या ज्यूरीनेही त्याला दोषी ठरवले. शिक्षा सुनावणे लांबणीवर पडले होते, एवढेच त्याचे नशीब. कारण त्याच सुमारास खरा ठक तीच लबाडी करताना रंगेहाथ सापडला. बेकला माफी आणि पाच हजार पौंड भरपाई मिळाली. इंग्लंडमध्ये तोवर ज्यूरीच्या निकालावर दाद मागण्यासाठी फौजदारी अपील न्यायालय नव्हते. ते स्थापन करणारा कायदा 1907 साली झाला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा भाग होता.

दोन्ही खटल्यांत मिळून दहापेक्षा अधिक स्त्रियांनी बेकला ओळखले. त्या खोटे बोलल्या असे कोणीही म्हटलेले नाही. त्या खरोखरच फसवल्या गेल्या होत्या, आणि ठकाला शिक्षा व्हावी हीच त्यांची इच्छा होती. मग इतक्या जणी एकदम चुकल्या कशा?

याचे उत्तर स्मरणशक्तीच्या घडणीत आहे. स्मरण म्हणजे छायाचित्र, अशी आपली समजूत असते: एकदा काढले, पेटीत ठेवले, हवे तेव्हा बाहेर काढून पाहिले. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या समजुतीला धक्का दिला. त्यांनी लोकांना एक परकी, अनोळखी धाटणीची लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती सांगायला लावली. सांगणाऱ्यांनी कथेतले विचित्र तपशील गाळले, आपल्या ओळखीचे घातले, आणि तुटके दुवे आपल्या समजुतीने जोडले. आपण काही बदलले याची त्यांना जाणीवही नव्हती. आठवणे म्हणजे पेटीतून काढणे नव्हे. दर वेळी उरल्यासुरल्या सामानातून घर पुन्हा उभे करणे होय.

आणि या सामानात परकी वीटही बसते. अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. नंतर काहींना विचारले, मोटारी एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता; तर काहींना विचारले, मोटारी एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता. फरक एका क्रियापदाचा. पण दुसऱ्या गटाने वेग अधिक सांगितला. एका आठवड्यानंतर विचारले, फुटलेली काच पाहिली का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी जोरकस शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी ‘होय’ म्हटले. सौम्य शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. प्रश्न विचारणाऱ्याचा एक शब्द साक्षीदाराच्या डोळ्यांत उतरला होता.

साक्षीदाराची खात्रीही अशीच बाहेरून वाढते. 1998 साली गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी लोकांना गुन्ह्याची चित्रफीत दाखवून छायाचित्रांतून गुन्हेगार ओळखायला सांगितला. त्या छायाचित्रांत गुन्हेगार नव्हताच, म्हणजे ज्याला कोणाला निवडले ती निवड चुकीचीच. काहींना मात्र नंतर सांगितले, ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत.’ एवढ्या शाबासकीने त्यांची खात्री वाढली. इतकेच नव्हे, तर आपण त्याचा चेहरा नीट पाहिला होता, असेही ते सांगू लागले.

आता ज्यूरीकडे वळू. ज्यूरीतली माणसे आपल्यासारखीच, निरनिराळ्या व्यवसायांतली. त्यांच्यापुढे साक्षीदार येतो तो घटनेनंतर कित्येक महिन्यांनी. ओळख परेडीत तो अडखळला होता का, त्याला कोणी शाबासकी दिली होती का, हे त्यांनी पाहिलेले नसते. ती पाहतात शेवटचा अंक: एक सभ्य माणूस आरोपीकडे बोट दाखवून ठाम स्वरात म्हणतो, ‘हाच तो.’ अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या 250 जणांची प्रकरणे ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या प्राध्यापकाने तपासली. ते पुस्तक 2011 साली निघाले. त्यांतील 190 प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची ओळख चुकलेली होती. ज्या खटल्यांचे कामकाज त्याला वाचायला मिळाले, त्यांतील निम्म्याहून अधिक खटल्यांत साक्षीदार आरंभी साशंक होते, हे त्या कामकाजातच नमूद होते. न्यायालयात उभे राहीपर्यंत मात्र ते निःशंक झाले होते.

ज्यूरीतली माणसे एकमेकांशी चर्चा करतात, मग चूक पकडली जात नाही का? पकडली जाते, पण ती तर्कातली. सगळ्यांनी एकच साक्ष ऐकलेली असेल आणि सगळ्यांचा समज एकच असेल की खात्री म्हणजे सत्य, तर बारा जणांची चर्चा तो समज पक्काच करते. साक्षीदारांच्या संख्येचेही तसेच. बेकला ओळखणाऱ्या पुष्कळ जणी होत्या, पण त्यांतल्या अनेकींना सदोष ओळीपुढे नेले होते. एकाच मोडक्या तराजूवर दहा वेळा वजन केले म्हणून ते दहापट खरे ठरत नाही. आपल्या 1872 च्या पुरावा कायद्याने म्हटलेच होते की, कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यास साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. साक्ष मोजायची नसते, तोलायची असते.

हे सारे परक्यांबद्दल बोलून आम्ही स्वतः नामानिराळे राहणे बरे नव्हे. 2004 साली एका कारखान्याच्या फाटकावर दिवेलागणीच्या वेळी गडबड झाली आणि सुपरवायझरच्या केबिनची काच फुटली. आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. दगड मारणारा हात आम्ही पाहिला. दोन दिवसांनी एकाने कामगारांचा एक फोटो पुढे केला आणि विचारले, ‘यातला हाच ना?’ आम्ही ‘हाच’ म्हणालो. तो कामगार दुसऱ्या युनियनचा होता; त्याचा आमच्या मनावर परिणाम झाला नाही, असे आज छातीला हात लावून सांगवत नाही. इन्क्वायरीत आम्ही ठामपणे साक्ष दिली. तो सस्पेंड झाला आणि निम्म्या पगारावर घर चालवू लागला. पाचव्या महिन्यात त्याने सरकारी दवाखान्यातल्या नोंदीची नक्कल आणली. त्या संध्याकाळी त्याच्या मुलीला तेथे दाखल केले होते, आणि कागदावर बापाची सही व वेळ होती. तो कामावर परत आला. आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. पण श्रोतेहो, आजही ती संध्याकाळ आठवली की दगड मारणाऱ्या हाताच्या वर आम्हांला त्याचाच चेहरा दिसतो. कागद डोळ्यांपुढे असून मनातले चित्र पुसले जात नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे आता ज्यूरी कुठे आहे? खरे आहे. 1959 साली मुंबईच्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोषपणाचा निकाल उच्च न्यायालयाने फिरवला. पुढे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. परंतु पंच म्हणून पंचनाम्यावर सही करायला आपल्यालाच बोलावतात. ओळख परेडीच्या वेळी हजर राहायलाही आपल्यातलीच माणसे लागतात. शाळेच्या समितीत, सोसायटीच्या सभेत, कारखान्याच्या इन्क्वायरीत कोणाच्या तरी अब्रूचा आणि भाकरीचा निवाडा आपण करत असतो. तेथे वकील नसतो आणि बहुधा अपीलही नसते.

मग प्रत्यक्षदर्शीवर विश्वास ठेवूच नये काय? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसे झाले तर अंधारात लुटल्या गेलेल्या गरिबाला न्याय कोठून मिळणार? संशोधक सांगतात की, ओळख नीट, निःपक्षपाती रीतीने घेतली असेल, तर अगदी पहिल्या वेळी साक्षीदाराने दाखवलेल्या खात्रीला चांगली किंमत असते. किंमत नाही ती नंतर वाढलेल्या खात्रीला. ओल्या मातीतला पहिला ठसा जपावा. त्यावरून दहा माणसे चालून गेल्यावर तो कोणाचा, हे विचारण्यात अर्थ नाही.

म्हणून आपल्यावर निवाड्याची वेळ आली, तर एवढे विचारावे. साक्षीदाराने पहिल्या वेळी, कोणाशी बोलण्यापूर्वी, काय सांगितले आणि ते लिहून घेतले का? उजेड किती होता, अंतर किती, वेळ किती मिळाला? त्याला एकच माणूस किंवा एकच फोटो दाखवला, की सारख्या ठेवणीच्या अनेकांतून निवडायला लावले? मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमपुस्तिकेत एका संशयिताबरोबर निदान सहा माणसे ओळीत उभी करावीत असे सांगितले आहे, ते याचसाठी. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होते का? आणि शेवटी, त्याच्या सांगण्याला पुष्टी देणारी त्याच्या स्मरणाबाहेरची एखादी वस्तू, नोंद वा कागद आहे का?

असे विचारण्यात साक्षीदाराचा अपमान नाही. बेककडे बोट दाखवणाऱ्या स्त्रियांना हे प्रश्न वेळेवर विचारले गेले असते, तर एक निरपराध माणूस तुरुंगात गेला नसता, आणि त्या प्रामाणिक स्त्रियांच्या माथीही तो दोष आला नसता. आम्हांला कोणी विचारले असते, तर एका घरातली पाच महिन्यांची चूल नीट पेटली असती.